सहाचा रिपोर्ट

कुपवाड, सांगली
११ डिसेंबर २०२५

प्रिय जोतीराम,

आधी घरच्यांची विचारपूस, मग बाकीचं. आई कशा आहेत? माझ्या हिशेबानं त्या आता नव्वदीला टेकल्या असतील. डाव्या डोळ्यातल्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ‘दिवाळीनंतर बघू, दिवाळीनंतर बघू’ म्हणून त्या पुढं ढकलत होत्या, ते झालं का? अजून ओट्यावर बसून रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला ‘कुणाचा रं तू?’ म्हणून अडवतात का? हरणाबाई वहिनींचा गुडघा कसा आहे? त्यांना सांग, लक्ष्मीचाही आता तोच गुडघा धरलाय, त्यामुळं त्यांच्या जुन्या तक्रारींवर ती हसायची त्याची भरपाई झाली. महेंद्रची पोस्टिंग सध्या कुठं आहे? तुझ्यासारखाच मिलिटरीत सिग्नलला गेला, पण आता त्यांच्या हातात तार कुठली असायला. शिवांजलीला वडूजच्या शाळेत कायम केलं का? तिची मुलगी मी बघितली तेव्हा पाळण्यात पालथी पडायला शिकत होती, आता दुसरीचं दप्तर घेऊन जात असेल. तुझी तब्येत मी मुद्दाम विचारलेली नाही. विसरलो नाही, गड्या. ती शेवटी विचारणार आहे. आधी विचारली तर पुढचं लिहायला हात उचलणार नाही.

साडेसहा वर्षं होत आली आपण एकमेकांशी बोललो त्याला. माझ्या हातचं पत्र बघून तू पहिल्यांदा पाकीट उलटंसुलटं करशील, मग चष्मा शोधशील. वाच मात्र. रागानं का होईना, शेवटपर्यंत वाच.

इकडं आमचं बरं चाललंय. दीपमाला खंडाळ्याला सुखात आहे, जावई तिथल्याच एका कारखान्यात सुपरवायझर झालेत. लक्ष्मीची जीभ गुडघ्यासारखी दुखत नाही, त्यामुळं घर जागं असतं. मी अजून कामावर जातो. रोज पावणेसहाला सायकल काढून कोल्ड स्टोरेजला. दोन वर्षांपूर्वी मोठे साहेब वारले, ते कदाचित तुझ्या कानावर आलं असेल. आता सगळं त्यांचे चिरंजीव वीरधवल बघतात. चांगला पोरगा आहे, मला ‘काका’ म्हणतो आणि पगार वेळेवर देतो. बातमी अशी आहे की आपली सर्व्हर रूम या महिन्याच्या शेवटी बंद होतेय. पुण्याच्या एका कंपनीकडं सगळं जाणार. म्हणजे शेतकरी आपल्या बेदाण्याचे बॉक्स कुठल्या चेंबरला आहेत, तिथं किती थंडी आहे, ते मोबाइलवर आधीसारखंच बघणार, पण ते दाखवणारी मशिनं कुपवाडात नसणार. कुठं असणार, हे मी त्यांना विचारलं तर म्हणाले, ‘काका, क्लाउडवर.’ मी म्हटलं, ‘असू दे, पण त्याचा पंखा कोण पुसणार?’ तर सगळे हसले. मी विनोद केला नव्हता.

तुला आठवतं का, पहिला सर्व्हर आला तो दिवस? २००९चा फेब्रुवारी. बेदाण्याचा हंगाम तोंडावर, आणि ते धूड टेम्पोतून उतरवायला चार हमाल. आपण दोघं तेव्हा तिथले वॉचमन कम टेलिफोन ऑपरेटर. मोठे साहेब म्हणाले, ‘तुम्ही मिलिटरीत सिग्नलला होता ना? मग हे पण तुम्हीच सांभाळा.’ जणू फिल्ड टेलिफोन आणि सर्व्हर ही सख्खी भावंडं. मी घाबरलो होतो. तू कॅबिनेटवर हात ठेवलास, पोराच्या कपाळाला लावतात तसा, आणि म्हणालास, ‘धना, ह्येला बी श्वास लागतोय बघ. म्हंजी जिवंत हाय. मग जमंल आपल्याला.’ बसवायला आलेला माणूस दोन दिवस राहिला आणि गेला, आणि त्याच्यामागं आपण, दोन दहावी पास हवालदार, इंग्रजी पुस्तक पुढ्यात घेऊन बसलो. तुझी ती शंभर पानी वही अजून माझ्याकडं आहे. ‘डी एफ – जागा किती उरली. टॉप – कोण किती खातोय.’ सगळे हुकूम मराठीत. पुण्याहून जी मुलगी कामकाज ताब्यात घ्यायला येते, तिनं ती वही बघितली आणि दोन पानांचे फोटो काढून घेतले.

काम तसं रोजचंच होतं आणि रोजचं असतं म्हणूनच कोणाला दिसत नाही. डिस्क किती भरली ते बघायचं. जुने लॉग, म्हणजे मशीन दिवसभर आपल्याशीच पुटपुटत असतं ते सगळं लिहिलेलं, आठवड्याला बांधून बाजूला ठेवायचं, नाहीतर त्या पुटपुटण्यानंच घर भरतं. यूपीएसच्या बॅटरीत पाणी. शनिवारी पंख्याची धूळ. वेबसाइटचं सर्टिफिकेट वर्षानं संपतं, त्याची तारीख कॅलेंडरवर लाल पेननं. ते एकदा चुकलं तेव्हा तासगावच्या एका बागायतदारानं फोन करून विचारलं होतं, ‘आवं, तुमची साइट धोकादायक हाय म्हणतोय माझा मोबाइल, बेदाणा तरी बरा हाय न्हवं?’ तू तासभर हसत होतास आणि मधेमधे त्याच्याच आवाजात मला विचारत होतास, ‘बेदाणा तरी बरा हाय न्हवं?’

आणि सहाचा रिपोर्ट. तो तर आपण सरळ मिलिटरीतूनच उचलला. वरच्या पोस्टवर तासातासाला एक्सचेंजला कळवायचं असायचं, ‘पोस्ट नंबर चार, ऑल ओके.’ दहा मिनिटं उशीर झाला की सुभेदार साहेब उठून उभे राहायचे, अर्ध्या तासात माणसं निघायची. ओके न येणं हीच बातमी. तसंच मशिनीचं करायचं ठरवलं. रात्रीचा बॅकअप झाला, तपासण्या झाल्या की पहाटे सहाला आपल्या दोघांच्या आणि मोठ्या साहेबांच्या मोबाइलवर मेसेज, ‘सर्व ठीक.’ त्याखाली आपल्या दोघांसाठी तू एक बटण लावून घेतलंस, ‘पाहिले.’ दाबलं की नाव आणि वेळ सर्व्हरवर उमटायची. मी म्हटलं, हे कशाला? तू म्हणालास, ‘मशिनीला कळाया नगं व्हय, आपलं कुणीतरी ऐकलं म्हणून?’

पण तुझं खरं डोकं दिसलं ते तपासणीत. मी एक साधं पान केलं होतं. दर पाच मिनिटांनी त्याला विचारायचं, जिवंत आहेस का, ते म्हणायचं, ठीक. मला लय अभिमान. तू ते बघितलंस आणि मान हलवलीस. म्हणालास, ‘नुसतं ठीक हाय का म्हणून इचारल्यावर मराय टेकलेला बी व्हय म्हणतोय. आजारी माणसाला इचारायचं, काल काय जेवलास? आठवून सांगाय लागलं पायजे. मग कळतंय शुद्धीवर हाय का.’ मग तू ते पान बदलायला लावलंस. आता ते नुसतं ‘ठीक’ म्हणत नाही. साठवणीतला एखादा जुना लॉट उघडून, कोणाचा, किती बॉक्स, कुठल्या चेंबरला, हे आठवून सांगतं, आणि मगच ठीक म्हणतं. पुण्याच्या मुलीला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘काका, हेच आम्ही कोर्समध्ये शिकलो.’ मी म्हटलं, ‘आमच्यात हे जोतीराम नावाच्या माणसानं शिकवलं.’

आता ते लिहायला पाहिजे, जे लिहायला साडेसहा वर्षं लागली. तुला माहीत आहे. मला माहीत आहे की तुला माहीत आहे. तरी माझ्या हातानं कागदावर आलं पाहिजे.

२०१९च्या हंगामात लोड वाढला आणि बॅकअप सहापर्यंत आटपेना. सव्वासहा, साडेसहा व्हायचे, आणि तोवर रिपोर्ट अडून राहायचा. मोठ्या साहेबांचे दोनदा फोन आले, ‘आज रिपोर्ट नाही?’ दुसऱ्या वेळी माझ्या अंगावर तसाच काटा आला जसा सुभेदार साहेब उठून उभे राहिल्यावर यायचा. मिलिटरीत अठरा वर्षं नोकरी केली, माझ्या पोस्टचा ओके कधी उशिरा गेला नाही. तर मी काय केलं, रिपोर्टची गाठ बॅकअपपासून सोडली आणि घड्याळाला बांधली. सहा वाजले की मेसेज जाणारच, ‘सर्व ठीक.’ म्हटलं, हंगाम सरला की परत जोडू. तुला सांगितलं नाही, कारण तू ‘काल काय जेवलास’ म्हणाला असतास. हंगाम सरला, मी विसरलो. जूनमध्ये बॅकअपची दुसरी डिस्क भरली, बॅकअप थांबला, आणि रिपोर्ट मात्र रोज सहाच्या ठोक्याला, सर्व ठीक. एक्केचाळीस दिवस मशीन बेशुद्ध पडलं होतं आणि मी त्याच्या तोंडून ओके वदवत होतो.

जुलैत मुख्य डिस्क गेली तेव्हा बॅकअप बघायच्या पाळीचा तुझा आठवडा होता. बॅकअप काढायला गेलो आणि तो एक्केचाळीस दिवसांपूर्वीच थांबलेला. मोठे साहेब दारात उभे. त्यांनी विचारलं, ‘बॅकअप कोण बघतं?’ तू त्याआधी पाच मिनिटं स्क्रीनपाशी होतास. रिपोर्टची ती ओळ, मी घड्याळाला बांधलेली, तुझ्यासमोर उघडी होती. मी बघितलं तू ती वाचलीस. मग तू ती वर सरकवून दिसेनाशी केलीस आणि माझ्याकडं बघितलंस. मी यूपीएसकडं बघत होतो. तू म्हणालास, ‘माझ्याकडनं ऱ्हायलं, साहेब.’ एवढंच. पुढं पंधरा दिवस आपण स्वेटर घालून चेंबरमध्ये बॉक्सवरची लेबलं वाचत होतो, एकेक लॉट पुन्हा लिहीत होतो. एकाही शेतकऱ्याचा एकही बॉक्स इकडचा तिकडं झाला नाही. ते पण तुझ्यामुळंच, कारण लेबलं पेन्सिलीनं लिहायची, शाई दवानं पसरते, हा हट्ट तुझा होता. शेवटचा बॉक्स वाचून झाला त्या दिवशी तू किल्ल्या टेबलावर ठेवल्यास, डबा पिशवीत घातलास आणि स्टँडवर गेलास. मी फाटकापर्यंतसुद्धा आलो नाही. दीपमालाचं लग्न पुढच्या महिन्यात होतं, नोकरी गेली असती तर काय, असं मी स्वतःला लय दिवस सांगितलं. खरं नाही ते. लग्न झालं, जावई घरी येऊन जेवून गेले, तरी मी गप्पच. मी भ्यालो होतो, जोतीराम. चूक होती त्याला नाही, चूक माझी म्हणायला.

तू गेल्यावर आठ-दहा दिवसांनी महापूर आला. कुपवाड उंचावर, म्हणून आपली मशिनं जनरेटरवर चालू राहिली, पण खाली सांगलीत लोक गच्चीवर. लक्ष्मीच्या बहिणीचं घर पाण्यात. रिपोर्ट मी परत तपासणीला बांधला होता, पण यादीतून तुझा नंबर काढायला हात धजावला नव्हता. तर त्या दिवशी सहाला मेसेज गेला आणि मी स्क्रीनसमोर बसलो होतो. सहा वाजून चार मिनिटांनी एक ओळ उमटली. ‘जोतीराम – पाहिले.’ मी खुर्चीतून उठलो आणि कोणी नसताना उगाच टोपी सारखी केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पूर ओसरला, तुझी ओळ काही थांबली नाही. साडेसहा वर्षं, गड्या. तू तिकडं खटावात कुठं गोठ्यात असशील, रानात असशील, पण सहा-चार, सहा-सात, फार तर सहा-दहा. मी लक्ष्मीला कधी सांगितलं नाही, तरी तिला कळलं. म्हणायची, ‘आवं, घरी आल्यावर तोंड बघूनच कळतंय मला, त्या मेल्या मशिनीनं आज काय तरी ग्वाड सांगितलंया.’ एकदाच खंड पडला, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत. अकरा दिवस. बाराव्या दिवशी सहा-नऊला तुझं नाव उमटलं तेव्हा मी कामावरच्या सगळ्यांना पेढे वाटले. कशाचे म्हणून विचारलं तर म्हटलं, सर्व्हरचा वाढदिवस. तेव्हा तरी फोन करायचा की नाही? नाही केला. म्हटलं, तो बटण दाबतोय, मी बघतोय, चाललंय की. तू शिकवलं होतंस ते सगळं मशिनीला लावलं, आणि तुझ्या बाबतीत मात्र नुसत्या ‘ठीक’वर समाधान मानलं.

गेल्या आठवड्यात मी वीरधवलना केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. चूक कोणाची, कोणी अंगावर घेतली. आणि काम सुपूर्द करायच्या कागदावर लिहूनही दिलं, खाली सही करून. त्यांनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, ‘काका, हे मला सांगितलंत. त्यांना सांगितलंत का?’ एकतीस तारखेला मशिनं बंद करायची आहेत, ते बटण तुझ्या हातानं दाबलं जावं असं त्यांचं म्हणणं आहे. माझंही.

आता का लिहितोय ते. परवा ती पुण्याची मुलगी यादी साफ करत होती. मला म्हणाली, ‘काका, हा दुसरा नंबर कोणाचा? सतरा दिवस झाले, काही रिस्पॉन्स नाही. काढून टाकू का?’ मी म्हटलं, राहू दे. ती म्हणाली, बंद दिसतोय. मी इतक्या मोठ्यानं ‘राहू दे’ म्हणालो की ती दचकली, नंतर मी तिला चहा पाजला. सतरा दिवस मी रोज सहाला बसतोय, जोतीराम, आणि ओळ उमटत नाही. फोन लावला, बंद लागतो. महेंद्रचा नंबर माझ्याकडं नाही. रविवारी तुझ्याकडं यायला एसटीत बसलो, अर्ध्या वाटेत विट्यापर्यंत आलो, आणि तिथं उतरून परतीची गाडी धरली. तुमच्या ओट्यावर काय दिसेल, या विचारानं पाय पुढं जाईना. घरी आलो तर लक्ष्मी म्हणाली, ‘दर पाच मिन्टाला त्या लोखंडाला इचारता, बरा हायस का म्हणून. त्या माणसाला कवा इचारणार?’ म्हणून हे पत्र. वरच्या पोस्टवर बर्फात लाइन तुटली की आपण दोघं तार मुठीतून सरकवत चालत जायचो, तुटलेलं टोक हाताला लागेपर्यंत, तसा निघालोय असं समज. पत्र पोचून चार दिवस झाले आणि काही आलं नाही, तर पाचव्या दिवशी मी विट्याला उतरणार नाही. तुला म्हणून लिहितोय, पण हे पाकीट वहिनींनी किंवा शिवांजलीनं फोडलं असेल तर त्यांनी हे एवढं वाचावं आणि मला कळवावं, जे असेल ते. आणि एक तारखेपासून सहाचा मेसेज यायचा बंद होईल, तेव्हा तू तरी घाबरू नकोस, धना आहे. मोबाइल बिघडला असेल, हरवला असेल, माझ्यावरचा राग साडेसहा वर्षांनी आत्ता वर आला असेल, काहीही चालेल. तू कसा आहेस? मिळेल त्या कागदावर लगेच लिही, दोन ओळी का असेनात. फक्त ‘ठीक आहे’ म्हणून लिहू नकोस, मी ते मानणार नाही. काल काय जेवलास, ते लिही.

तुझाच,
धना